बार्लीचा एक दाणा आणि अकरा पाहुणे

वस्तू जितकी लहान, तितकी ती पाहायला येणारी माणसं मोठी असतात. सल्ट शहराजवळच्या डोंगरावरल्या सूक्ष्मचित्रण प्रयोगशाळेत हा नियम कसोशीने पाळला जाई. तिथल्या क्ष-किरण यंत्राला केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी चीरही दिसते; अट एवढीच, की चार तास काही हलता कामा नये. (या अटीचं कौतुक करायला गेल्या वर्षी दोनशे बारा पाहुणे आले.)

पाहुणा म्हटला की कॉफी आली, आणि कॉफी म्हणजे लाकडी उखळात ताजी कुटलेली. कुटण्याचा ठेका शेजारघरी ऐकू गेला नाही, तर यजमानाची अब्रू जाते. उखळ दिवाणखान्यात, दिवाणखाना यंत्राच्या भिंतीला लागून. संचालक नौफान साहेबांनी यावर शास्त्रीय उपाय केला होता. 'हादरे देऊ नयेत' अशी पाटी त्यांनी त्याच भिंतीवर, यंत्र चालू असताना, चार खिळ्यांनी ठोकून घेतली.

तिथल्या संशोधक डॉक्टर तमादूर बाईंकडे त्यांच्या गावच्या बार्लीचा एकच दाणा उरला होता. बाकीचं वाण किड्यांनी फस्त केलं होतं. अंकुर शाबूत असल्याचं स्पष्ट चित्र दाखवलं, तरच बीजपेढी तो रुजवायला घेणार होती. पण किरणांचा मारा जास्त झाला तर अंकुरच मरतो. दोन वेळा झेपेल, असा बाईंचा अंदाज होता.

पहिल्या चित्रात दाण्याला दोन अंकुर दिसले. त्या वेळी उपसचिवांसह अकरा जण आले होते आणि भिंतीपलीकडे उखळ दणाणत होतं. (संचालकांनी 'जुळ्या अंकुराचा शोध' असं टिपण वर पाठवलं.) दुसऱ्यात तीन अंकुर निघाले, त्या दिवशी खात्याचे माजी प्रमुख आले होते. मग बाई साहेबांकडे गेल्या.

"चार तास उखळ बंद ठेवा, साहेब. दाणा मरेल माझा."

"आणि पाहुण्यांना पुड्यातली पाजू? दाणा वाचवला नि घराची अब्रू घालवली, म्हणतील लोक."

त्यांनी रीतसर समिती नेमली. समितीचे सात सदस्य हादऱ्यांची पाहणी करायला आले, नेमके तिसऱ्या चित्राच्या वेळी. त्यांनाही कॉफी झाली.

"डॉक्टरबाई, उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं," यंत्र चालवणारे अबू शाहेर म्हणाले.

रमजान तोंडावर आला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण यंत्राच्या रांगेतला नंबर सोडला तर वर्षभर थांबावं लागतं, म्हणून कोणी थांबलं नाही. चौथा नंबर आपसूकच रमजानात आला. दिवसा उपास, त्यामुळे उखळ गप्प. चित्र आरशासारखं लख्ख आलं: एकच अंकुर, पूर्ण शाबूत.

बीजपेढीने दाणा नऊ दिवस ओलाव्यात ठेवला. तो रुजला नाही. पत्र वाचून बाई यंत्रापाशी बसून रडल्या.

चित्र आता दिवाणखान्यात दाराएवढं मोठं करून लावलं आहे. ते किती पट मोठं केलं, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. दाण्याचं काय झालं, हे विचारण्यासाठी वेगळा अर्ज आहे. तो अजून कोणी मागितलेला नाही. तुमच्याही मनात केसाचा पन्नासावा भागच घोळतो आहे, हे आम्ही ओळखून आहोत. या, बसा. कॉफी कुटायला घेतलीच आहे.