सेऊलला यायचं तर कधी?

सासूबाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, की सेऊलला यायचं तर कोणता मोसम बरा. साधा प्रश्न. डोकं ठिकाणावर असलेल्या बाईने "ऑक्टोबर" म्हणून फोन ठेवला असता. पण माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. डोकं ठिकाणावर असण्याचा मोसम आमच्याकडे सध्या चालू नाही.

त्यात घराची अवस्था अशी, की तिथे सासूला पाऊल ठेवू देणं म्हणजे आपल्याच हाताने नापासाचा शेरा मारून घेणं. म्हणून मी ठरवलं, त्यांना यावंसंच वाटता कामा नये. म्हटलं, आई, वसंताचं तर विचारूच नका. चेरी फुलते दोन-चार दिवस आणि वाळवंटाकडून येणारी पिवळी धूळ उडते महिनाभर. लोक फुलांसोबत फोटो काढतात तेही मास्क लावून. उन्हाळ्यात नुसता पाऊस, आणि पाऊस थांबला की अंगाची चिकचिक. शरदात पानं लाल होतात म्हणे, पण ती बघायला अख्खं शहर डोंगर चढतं, त्यामुळे दिसते ती फक्त पुढच्याची पाठपिशवी. आणि हिवाळ्यात बाहेर पडलं की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागतं.

एका दमात चारही ऋतू निकालात काढले. (तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे नमूद करते.)

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, आणि असल्या ठिकाणी ते लेकरू ठेवलंय होय? मग त्याला इकडेच आणून सोडा. इथली हवा चांगली आहे."

इकडे म्हणजे हेनामला. कोरियाच्या पार दक्षिणेच्या टोकाला, जिथे कोबीची शेतं संपली की समुद्रच लागतो.

मी घाबरून हो-नाही काहीच न म्हणता फोन ठेवला. तुम्ही हसाल, पण आमच्या ऑफिसातल्या एकीने असंच मूल आजीकडे ठेवलं, नोकरीचा जम बसेपर्यंत. जम छान बसला. मूल आता तिला सेऊलची मावशी म्हणतं. माझीही रजा सप्टेंबरात संपतेय. आणि मी काय केलं होतं? माझ्याच बाळाला माझ्यापासून दूर न्यायची चार सबळ कारणं स्वतःहून सासूच्या हातात दिली होती, ऋतुवार.

शिऊच्या, म्हणजे आमच्या बाळाच्या, बाबांना सांगितलं, तर ते टीव्हीवरच्या बेसबॉलवरून नजर न हलवता म्हणाले, आई सहज बोलली असेल. (त्यांच्या मते जगात सगळं कोणी ना कोणी सहज बोललेलं असतं. मला लग्नाचंही त्यांनी सहजच विचारलं होतं.)

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. म्हटलं, आई, काल माझी झोप झाली नव्हती. सेऊलसारखं शहर नाही हो. धूळ काय, हल्ली येतच नाही. थंडी तर बाळाच्या तब्येतीला उत्तमच. आणि पावसाळा, अहाहा, काय तो गारवा, शहर कसं धुऊन निघतं. मी पावसाळ्यावर इतकी रंगात आले, की मलाच एकदा जाऊन यावंसं वाटू लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग आत्ताच येते. बघू तरी."

जुलै चालू होता, म्हणजे इथला ऐन पावसाळा. पाळण्यामागच्या भिंतीवर बुरशीचा एक काळा डाग उमटला होता आणि तो बाळापेक्षा झपाट्याने वाढत होता. मी त्यावर झाडाचं मोठं स्टिकर लावलं. शेजारणीकडून हवा कोरडी करायचं यंत्र मागून आणलं. वाळत घातलेली दुपटी दिसू नयेत म्हणून ओलीच घडी करून कपाटात कोंबली.

सासूबाई तिळाचं तेल, सुकी मासळी आणि किमचीचा डबा असं बोचकं घेऊन आल्या त्याच पावसात. आल्या आल्या स्टिकरपाशी उभ्या राहिल्या. दमटपणाने झाडाची वरची फांदी सुटून लोंबत होती आणि मागचं सगळं दिसत होतं. मी डोळे मिटले.

"छान आहे," सासूबाई म्हणाल्या. "खोलीला कशी सावली वाटते."

टोमणा, दुसरं काय. मी कंबर कसली. त्यांना हान नदी दाखवायला नेलं. नदी आधीच फिरायच्या रस्त्यावर आली होती. राजवाडा बघायला गेलो, तर तो मंगळवारी बंद असतो हे एवढी वर्षं इथे राहून माझ्या लक्षात नव्हतं. माझी छत्री उलटी झाली, बाबागाडीचं चाक जाळीत अडकलं, शिऊने भोंगा लावला. मी भिजल्या तोंडाने म्हणत होते, हवा किती शुद्ध आहे ना. आणि आश्चर्य म्हणजे सासूबाई माझ्याही वर आवाज चढवून म्हणत होत्या, शुद्ध म्हणजे काय, फुप्फुसं उघडली माझी. बाळाला अगदी मानवणारी हवा.

शिऊचे बाबा तेवढे म्हणाले, गटाराचा वास येतोय. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढचे दोन दिवस ते काहीच सहज बोलले नाहीत.

परत जाताना बस टर्मिनलवर सासूबाईंनी माझा हात धरला. आता विषय निघणार. मी शिऊला घट्ट पकडलं.

"सूनबाई, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "तू फोनवर चारही मोसमांना नावं ठेवलीस ना, तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, आलं बाळ आपल्या गळ्यात."

"पण आणून सोडा असं तुम्हीच म्हणालात, आई."

"म्हणावं लागतं गं. आजी आहे मी. तू लगेच नाही-नाही म्हणशील असं वाटलं, तर तू गप्पच बसलीस. तेव्हापासून झोप नाही मला. तीन पोरं वाढवली, मग थोरलीची दोन. गुडघे गेले. आत्ता कुठे गावात ढोल शिकायला जातेय. म्हटलं स्वतः जाऊन बघावं आणि इथलं सगळं झकास आहे असं सांगून मोकळं व्हावं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग आत काहीतरी खुपलं. ज्याच्यासाठी मी बुरशीवर झाड लावलं, ते माझं सोन्यासारखं बाळ कोणालाच नको होतं?

"रात्रभर झोपतो हो हा," माझ्या तोंडून गेलं. (तो झोपत नाही.) "रडत तर नाहीच. आणि ढोल वाजला की किती खूश होतो." (त्याने ढोल कधी ऐकलेला नाही.) "बघा तरी, आई, नाक अगदी तुमचंच आहे."

सासूबाई मागे सरकत बसच्या पायरीपर्यंत पोचल्या. शिऊचे बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "तू त्याला ठेवून घेतेयस की विकतेयस?"

तेवढ्यात सासूबाई गुडघेदुखी विसरून आत चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. मी शिऊचा हात धरून काचेवर टकटक केली. पडदा हलला नाही.

बस सुटायला अजून बराच वेळ होता.