आंबेटेंभीचा सरकारमान्य चढ

कुलाबा जिल्ह्यातील मौजे आंबेटेंभी येथे पाणी खालून वर वाहते, ही बाब सरकारच्या निदर्शनास प्रथम आली ती सन १९५८ च्या एप्रिल महिन्यात, आणि तीही एका साध्या अर्जामुळे. अर्जदार अंबाजी राघो शिगवण याला चमत्काराची काडीचीही हौस नव्हती. त्याला एक मोरी हवी होती.

झालं होतं असं, की अंबाजीचं भाताचं खाचर कूळकायद्याने आदल्याच वर्षी त्याच्या नावावर लागलं होतं. बाप, आजा, पणजा दुसऱ्याच्या जमिनीत चिखल तुडवून गेले. सात-बारावर नाव लागलेला घराण्यातला हा पहिलाच. तो कागद त्याने देव्हाऱ्यात ठेवला होता आणि बायको राही दर सोमवारी त्याला फूल वाहायची. नेमका त्याच वर्षी सरकारने गावावरून नवा डांबरी रस्ता नेला. पाऊस लागला तसं दोन फर्लांगांचं पाणी लाल माती आणि खडी घेऊन थेट अंबाजीच्या खाचरात आलं. लावलेली रोपं मुळासकट गेली, बांध फुटला. रस्त्याखालून मोरी काढून हे पाणी पलीकडे खाडीला सोडावं, एवढंच अंबाजीचं मागणं होतं.

पाहणीला अलिबागहून ओव्हरसियर दिनानाथ कर्णिक आले. रस्ता त्यांनीच बांधून घेतला होता. त्या वेळी उंची मोजायची दुर्बीण दुरुस्तीला मुंबईस गेलेली असल्यामुळे कर्णिकांनी चढ-उतार जीपमध्ये बसल्या बसल्या नजरेने ठरवले होते आणि नकाशात भरून खाली सही केली होती. आता त्या जागेची गंमत अशी, की एका अंगाला डोंगराची सोंड तिरकी उतरलेली आणि दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं खाऱ्या वाऱ्याने कलंडलेली. त्यामुळे बघणाऱ्याला तिथला उतारच चढ वाटायचा. गावातले बैल कधी फसले नव्हते, पण त्यांना नकाशे वाचता येत नव्हते.

"खाचर कुठलं तुझं?" कर्णिकांनी जीपमधूनच विचारलं.

"त्ये काय रावसाहेब, खाली."

"खाली कुठे? ते तर वर आहे."

"दिसतं वर. हाय खाली."

"मला डोळे आहेत, अंबाजी."

"हायेत की. पर पान्याला न्हाईत, म्हून त्ये बरोबर जातं."

असं म्हणून अंबाजीने कळशीभर पाणी रस्त्यावर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि नकाशातल्या चढाने सरसर वर निघालं. कर्णिक जीपमधून उतरले. त्यांनी चष्मा पुसला. दुसरी कळशी ओतायला लावली. तीही वर गेली. आता एकतर पाणी चुकत होतं, नाहीतर नकाशा. नकाशावर कर्णिकांची सही होती, पाण्यावर कोणाचीच नव्हती. त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून अहवाल लिहिला : "जागेवर समक्ष पाहणी केली. अर्जदाराचे खाचर चढाच्या माथ्यावर आहे. पाणी चढाने वर जाताना आढळले. सदर वर्तन पाण्याचे असून रस्त्याचा त्यात दोष नाही."

महिन्याभराने अंबाजी एस.टी.ने अलिबागला गेला. हेडक्लार्कने फाइल काढली, दोनदा वाचली आणि त्याला समजावून सांगितलं की मोरी ही उताराच्या पाण्यासाठी असते. चढाच्या पाण्यासाठी मोरी बांधण्याची तरतूद नियमात नाही.

"पर साहेब, चढ न्हायच त्यो. उतार हाय."

"मग तसा दाखला जोड."

"कुनाचा?"

"ओव्हरसियरचा."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कचेरीच्या पायरीबद्दल कोणी बोलून ठेवलेलं नाही, म्हणून अंबाजी ती त्या पावसाळ्यात सात वेळा चढला. खाचर दुसऱ्या वर्षीही गेलं. राहीने अलिबागच्या रस्त्याला बोटं मोडली आणि घरात नाचणीच्या भाकऱ्या सुरू केल्या.

अहवाल मात्र वर वर जात राहिला, पाण्यासारखाच. दिवाळीनंतर खात्याचे मोठे साहेब सहकुटुंब हरिहरेश्वराच्या दर्शनाला चालले होते. त्यांना फाइल आठवली. त्यांनी त्या जागी गाडीचं इंजिन बंद करायला लावलं, ब्रेक सोडायला लावला, आणि गाडी आपसूक चढाने वर निघाली. साहेबांच्या पत्नीने हात जोडले. साहेब विज्ञानवादी होते, त्यांनी फक्त टोपी काढली.

पुढच्या रविवारी मुंबईच्या वर्तमानपत्रात मजकूर आला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मुंबई आली. माणसं गाड्या बंद करून वर जात, चालू करून खाली येत आणि पुन्हा बंद करून वर जात. लिंबं, चेंडू, सोड्याच्या बाटल्या, एका गृहस्थाने तर स्वतःच्या सासूबाई चाकाच्या खुर्चीसह वर सोडल्या. एक प्राध्यापक आले. ते म्हणाले, डोंगरात लोहचुंबक आहे. एक बुवा आले. ते म्हणाले, डोंगरात पुण्य आहे. दोघांचंही जेवण गावातल्या शिवदासच्या नव्या खानावळीत झालं आणि तिथे दोघांचं एकमत झालं, की काही झालं तरी तो उतार असणं शक्य नाही.

अंबाजीला वाटलं, एवढी शिकलेली माणसं येतात, त्यांना दाखवून तरी पाहू. त्याने विठोबा गवंड्याची पाणसळ मागून आणली, रस्त्यावर फळी टाकली आणि वर पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा खाचराच्या उलट दिशेला जाऊन बसला. आता खोटं बोलायला जागाच नव्हती.

"बघा," अंबाजी म्हणाला, "बुडबुडा जिकडं, तिकडची बाजू वर. माजं खाचर खाली."

पन्नास माणसं वाकून बघत होती. मग दादरहून आलेले एक चष्मेवाले गृहस्थ हर्षाने ओरडले, "अहो, इथे पाणसळसुद्धा चुकते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाणसळ शिवदासने काउंटरवर मांडून ठेवली ती ठेवलीच. विठोबा गवंडी त्यानंतर अंदाजाने भिंती बांधू लागला.

अंबाजीने मग गावकीची बैठक बोलावली. म्हातारीकोतारी सगळी जन्मभर त्या वाटेने डोईवर भारे घेऊन गेलेली. चढ कुठला नि उतार कुठला, हे त्यांच्या गुडघ्यांना पाठ होतं.

"तुमी सगल्यांनी सह्या करा," अंबाजी म्हणाला. "उतार हाय, येवढंच लिवायचं. मोरी मिलंल."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणाचा पोरगा शहाळी विकत होता, कोणाची सून भज्यांचं पीठ भिजवत होती. शेवटी शिवदास उठला.

"अंबाजीदादा, तुजं खरं हाय. आमी काय आंदले हाव? पर उतार कुटं पन मिलतो रं. चढ आपल्याच गावाला हाय."

सर्वांनी माना डोलावल्या. अंबाजीला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की त्यांचं म्हणणं त्याला समजत होतं.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात मंत्री आले. रस्त्याच्या कडेला "नैसर्गिक चमत्कार : सरकारमान्य चढ" अशी पाटी उभी राहिली. मंत्र्यांची गाडी इंजिन बंद ठेवून वर सोडण्यात आली आणि खाचराच्या बांधाशी येऊन थांबली. तिथल्या मांडवात मंत्र्यांनी भाषण केलं. ते म्हणाले, "या चढाकडून आपण शिकलं पाहिजे. इंजिन बंद असो, पेट्रोल नसो, आपण फक्त ब्रेक सोडायचा आणि विश्वास ठेवायचा! आपली पंचवार्षिक योजनाही अशीच वर चालली आहे." लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की सुरूवरचे कावळे उडाले.

मग मंत्र्यांनी विचारलं, "स्थानिक शेतकऱ्याचं काही म्हणणं?"

अंबाजीला पुढे ढकलण्यात आलं. त्याने डोक्याची टोपी सारखी केली. तीन वर्षं तो हेच बोलायची वाट बघत होता.

"साहेब, ह्यो उतार हाय. तुमी खाली आलाव."

मंत्री आधी चपापले, मग मोठ्याने हसले. "कोकणी माणूस मोठा विनोदी!" म्हणून त्यांनी अंबाजीच्या गळ्यात स्वतःचा हार घातला. फोटो निघाला. कर्णिक त्या फोटोत अंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत.

मंत्र्यांनी म्हटलं म्हणजे झालं. आता चढ सरकारमान्य, तेव्हा बाकीच्या दप्तराने त्याच्याशी जुळवून घेणं भागच होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तलाठी सात-बाराची वही घेऊन दारात आला. माणूस भला होता, त्याने आधी पाणी मागून घेतलं.

"अंबाजी, तुझं खाचर चढाच्या माथ्यावर आहे असं वरून आलंय. माथ्यावर भातजमीन कशी असेल? वरकस लावायला सांगितलंय."

वरकस म्हणजे डोंगरावरची उंच, गवताची जमीन. खाली ती जमीन गुडघाभर पाण्यात बुडायची वाट बघत होती.

"मंग नुकसानीचा माजा अर्ज?"

"तो निकाली निघाला. वरकस जमिनीत भात नसतं. नसलेलं भात वाहून कसं जाईल?"

राही आतून हे ऐकत होती. ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "तलाठीभाऊ, पान्याला तुमची वही वाचता येती काय? येत आसंल तर त्याला बी वाचून दावा, म्हंजे त्ये यायचं न्हाय."

तलाठ्याने मान खाली घातली, नोंद केली आणि जाताना फुटलेल्या बांधाकडे बोट दाखवून सांगितलं, की तो आता बांधू नये. पाण्याला चढताना अडथळा होईल, तसा स्वतंत्र हुकूम आहे. त्या सोमवारी राहीने देव्हाऱ्यातल्या कागदाला फूल वाहिलं नाही. अंबाजीने ते पाहिलं. पणजापासून ज्या जमिनीची आस धरली, ती चार वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली होती आणि कागदावर डोंगरावर चढली होती. त्याला रडू आलं. गोठ्यात जाऊन तो रडला.

सरकार मात्र दगडाच्या काळजाचं नव्हतं. पावसाळा सरला की रस्ता कोरडा पडे आणि पाहुण्यांना वर जाणारं पाणी दिसत नसे. बुवांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांची तशी तक्रार होती. तेव्हा खात्याने "पाणीसोड्या" असं एक पद निर्माण केलं. विहीर अंबाजीच्या खाचराशेजारी, जमीन त्याची पडीक, आणि तीन वर्षांच्या पत्रव्यवहारामुळे सगळ्या कचेरीला तो नावानिशी ठाऊक. त्याला नेमलं. काम सोपं होतं. विहिरीवर हंडा भरायचा, डोक्यावर घेऊन सरकारमान्य चढाच्या पायथ्याशी जायचं आणि तिथे पाहुण्यांसमोर ओतायचा. पाणी वर जाई. लोक टाळ्या वाजवत. अंबाजी रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे परते, आणि पुन्हा भरे.

कामावर घेताना कर्णिकांनी एकच अट घातली होती. "हे बघ अंबाजी, तू पाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाहीस." अंबाजीने ती अट आजवर पाळली आहे. पाण्याबद्दल तो बोलत नाही.

तुम्हीही गेला होतात की तिथे. बासष्ट साली, नाताळच्या सुट्टीत. शिवदासकडे भजी खाल्लीत, पाटीपाशी फोटो काढलात. विहिरीकडून एक काटकुळा माणूस भरला हंडा घेऊन तुमच्या दिशेने येत होता. पाय रोवत, अंग पुढे टाकून, मध्येच थांबत. तुमच्यापाशी पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता आणि मानेच्या शिरा टरारल्या होत्या. तुम्ही सौभाग्यवतींना म्हणालात, "बघितलंस? उतारावरून येतोय, तरी धापा टाकतोय. या लोकांना कष्टाची सवयच नाही."

त्याने ते ऐकलं. हंडा डोक्यावरून उतरवला, पंच्याने तोंड पुसलं आणि तुमच्याकडे बघून इतकंच म्हणाला, "चढ हाय, साहेब. येताना चढ लागतो."

तुम्ही पोट धरधरून हसलात. कोकणी माणूस मोठा विनोदी, हे तुम्ही ऐकून होतातच. मग गाडीत बसलात, इंजिन बंद केलंत, ब्रेक सोडलात, आणि आपण वर चाललो आहोत या आनंदात खाली निघालात.