चौदा माणसांचं वजन

पिकअप गॅरेजमधून बाहेर निघणार नाही, हे श्यामकांत खवणेकरांना रविवारी सकाळी सात वाजता कळलं. नारळ फोडून झाला होता, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. रिव्हर्स टाकून ते हातभर मागे आले असतील नसतील, तोच वरून 'खर्र्र' असा दाढ उपटल्यासारखा आवाज आला. उतरून बघतात तर टपाचा मागचा कोपरा शटरवरच्या बीमला टेकलेला. टप चार बोटं उंच होता.

खवणेकर टप बघत राहिले, मग बीम बघत राहिले. एकतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलेला माणूस. कागद सुतभर सरकला तरी त्यांना चालत नसे, आणि इथे चार बोटं!

चूक कशी झाली, ते त्यांना लगेच उमगलं, आणि त्यामुळे जास्तच राग आला. ही पिकअप छापखान्याचीच. पहाटे पेपरचे गठ्ठे पोचवून पोचवून म्हातारी झाली, तेव्हा कंपनीने ती भंगारात काढली. त्याच महिन्यात खवणेकरांनाही काढलं, फक्त त्याला निवृत्ती म्हणतात. त्यांनी गाडी चारकोपच्या आपल्या रो-हाउसच्या गॅरेजात आणून ठेवली आणि आठ महिने तिच्यामागे लागले. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली उभारली. आत एक बाक, त्यावर गादी, एक शेगडी, एक छोटा पंखा, दोन्ही बाजूंना खिडक्या. गावी खवण्याला जायचं, समुद्रासमोर गाडी लावायची आणि महिनाभर राहायचं, असा बेत होता. टपाचं माप घेतलं तेव्हा टायर बसलेले होते आणि मागच्या चाकांवरचे कमानी स्प्रिंगचे पाटे मेलेले होते. गाडी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी बसली होती. गेल्या आठवड्यात नवे पाटे आणि नवे टायर घातले, आणि म्हैस उठून उभी राहिली.

त्यांनी दादूला फोन लावला. टपाचं वेल्डिंग दादूचंच. पण दादू भाच्याच्या लग्नाला गावी गेलेला.

"चार बोटं कापायची ना? आठ दिवसांनी येतो."

"आज निघायचंय रे!"

"मग हवा काढा टायरची."

हवा काढली. एक बोट कमी झालं. आणखी काढली तर रिम टेकेल, म्हणून थांबले. परत फोन.

"आता वजन टाका मागे. टनभर माल पडला की पाटे बसतात. जाते मग सर्रकन."

"टनभर माल कुठून आणू?"

"माल कशाला? माणसं बसवा ना काका. तेरा-चौदा माणसं. सोसायटी आहे ना तुमची?"

खवणेकरांनी बाहेरच्या चौकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "दादू, वाळूच्या गोण्या भाड्याने मिळतात का रे?"

दादूला ते कळलं नाही. कळणार तरी कसं? खवणेकरांची एकतीस वर्षं रात्रपाळी. दिवसा हा माणूस झोपलेला. आई होती तोवर ती ओट्यावर बसून चौकातल्या पोरांना दटावायची, "हळू! श्याम झोपलाय!" सगळ्या सोसायटीला तेच वळण पडलं. खवणेकरांच्या दारावरून जाताना मोठी माणसंही चपला हातात घेत. पुढे आई गेली, नोकरी गेली, पण वळण गेलं नाही. इस्त्रीवाला कपडे ग्रिलला अडकवून जाई. दिवाळीचा फराळसुद्धा कोणीतरी पिशवीत घालून गुपचूप फाटकाला टांगून जाई. कोणी दिला तेही कळत नसे. गेल्या दोन वर्षांत त्यांची बेल एकदाच वाजली होती, ती पाल चिकटून.

साडेआठपर्यंत त्यांनी पाण्याचे कॅन भरले, आईचा पाटा-वरवंटा ठेवला, लोखंडी कपाट ओढून बघितलं आणि पाठ धरून बसले. शेवटी उठले, केस विंचरले आणि शेजारच्या द्रौपदीबाईंची बेल वाजवली.

दार उघडलं. खवणेकरांना समोर बघून द्रौपदीबाईंनी एकदम पदर तोंडाला लावला.

"कोण गेला?"

"कोणी नाही हो, वहिनी. गाडीसुद्धा नाही गेली." आणि पुढे काय बोलावं हे न सुचून त्यांनी थेट कामाचंच विचारलं, "तुमचं वजन किती?"

"सकाळी सकाळी बाईमाणसाक वजन विचारतास?"

खवणेकर घामाघूम झाले. टप, बीम, पाटे, टन असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. द्रौपदीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बाहेर चौकात आल्या आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "गो श्रुतिका! रे सुयोगा! खाली येवा सगळी! खवणेकर उठले!"

पाच मिनिटांत चौक भरला. कोणी टूथब्रश तोंडात घेऊन आलं, कोणी पोराला कडेवर घेऊन. सुयोग सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने आल्याआल्या ताबा घेतला. "जड माणसं आधी, मागच्या चाकांवर! लाजू नका, वजन सगळ्यांना दिसतंच!"

एकेक माणूस आत शिरला तशी पिकअप कण्हत खाली बसत गेली. तेरावी श्रुतिका. चौदाव्या द्रौपदीबाई. त्या दाराशी टेकल्या आणि बीम आणि टपामध्ये बोटभर उजेड दिसला. लोकांनी आतून टाळ्या वाजवल्या.

"येऊ द्या काका! येऊ द्या! झकास!" सुयोग मागून हात हलवत होता. खवणेकरांनी श्वास रोखून क्लच सोडला. निम्मी खोली बाहेर आली. आणि तेवढ्यात द्रौपदीबाईंच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"माझी डाळ!" म्हणून त्यांनी टुणकन उडी मारली.

पिकअप बोटभर वर आली आणि पाचर मारल्यासारखी बीमखाली घट्ट बसली. टपाचा पत्रा कुरकुरला.

"वाट लागली," सुयोग म्हणाला. "कोणी उतरू नका! आणखी एक उतरला तर टप फाटेल!" तो स्वतः चढून बसला. काही झालं नाही. त्याचं वजन बावन्न.

"वहिनी येतील आता," खवणेकर म्हणाले. पण डाळ उतरवता उतरवता द्रौपदीबाईंना चेंबूरच्या मुलीचा फोन आला, आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.

चौदा माणसं पत्र्याच्या खोलीत गुडघ्याला गुडघे लावून बसली. उकडायला लागलं. खवणेकरांनी इंजिन बंद केलं, केबिनच्या पाठची खिडकी सरकवून हात खोलीत घातला आणि पंखा लावला. "तुम्हाला त्रास झाला," ते म्हणाले. "खूपच."

"काका, एक विचारू?" श्रुतिका म्हणाली. "तुम्ही खरंच दिवसभर झोपायचात? आमचं अख्खं बालपण कुजबुजत गेलं. लंगडीसुद्धा मुकी खेळायचो. आउट झालं की खुणेने सांगायचं."

सगळे हसले. खवणेकर हसले नाहीत. स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"मी झोपत नव्हतो," ते म्हणाले. "मशीनच्या धडधडीची सवय ना. आवाज असला की मला झोप लागते. घरी आलो की सगळं चिडीचूप. कूस बदलत पडायचो. वाटायचं, कोणीतरी ओरडावं, भांडावं, बॉल तरी मारावा खिडकीवर."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? आई सगळ्यांना दम देऊन बसलेली. आणि तुम्ही एवढं माझ्यासाठी करत होता. नको म्हणणं बरं दिसेना."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे एकतीस वर्षं तुम्हीही जागे आणि आम्हीही गप्प?" आणि गाडीत असं हसू फुटलं, की सुयोग ओरडला, "हलू नका रे, टप!" मग ज्याची त्याची मुकी गोष्ट निघाली. कोणाच्या लग्नाची वरात फाटकाबाहेरच बँड थांबवून आली होती. कोणी तर नवराबायकोचं भांडण करायला मालाडला बहिणीकडे जायचं. खवणेकर मान मागे वळवून ऐकत होते. मान दुखायला लागली तरी पुढे वळवत नव्हते.

चाळीस मिनिटांनी द्रौपदीबाई आल्या. "सॉरी हां," म्हणाल्या, आणि दाराशी टेकल्या. पत्रा सुटला. पिकअप सर्रकन बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. माणसं उतरली, अंग ताणू लागली, आणि गाडी हळूहळू पुन्हा उंच झाली.

सुयोग तिच्याकडे बघत म्हणाला, "काका, परत आत कशी घालणार?"

हा विचार कोणीच केला नव्हता.

"तुम्हीच लागाल सगळे," खवणेकर चाचरत म्हणाले.

"मग कधी येताय? तारीख सांगा, थांबतो आम्ही."

महिना, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. "बुधवारी," ते म्हणाले.

"बुधवारी माझो उपास," द्रौपदीबाई म्हणाल्या. "वजन भरूचा नाय."

"मग मंगळवारी. संध्याकाळी सातला."

"चालेल. सातला सगळ्यांनी चौकात. आणि जेवून यायचं!" सुयोगने जाहीर केलं.

खवणेकरांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि बसक्या टायरवर कशीबशी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत आणली. हवा भरणाऱ्याने पत्र्याची खोली खालून वर न्याहाळली. खिडकीतून आतली गादी, शेगडी बघितली.

"लांबचा दौरा वाटतं? किती दिवस?"

"गावी चाललोय," खवणेकर म्हणाले. "खवण्याला. राहिलो असतो हो निवांत. पण मंगळवारी सातच्या आत परत यायला हवं. माणसं थांबलीयेत."