हापशाची शिंगं

पोळ्याच्या दिवशी अख्खं गाव बैलांची शिंगं रंगवतं. आमचे शेजारी धुडकू नाना हापसा रंगवत. बैल कधीच विकलेले, पण शिंगांना लावायचा हिंगूळ दरवर्षी सोनगीरच्या बाजारातून आणायचेच. हापशाच्या दांड्यापासून तोटीपर्यंत लालभडक करून टाकायचे. पोरं विचारायची, "नाना, पुरणपोळी कव्हय खावाडतस याले?"

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. वरच्या नाल्याला भांड्यांवर मुलामा चढवायचा एक कारखाना होता. त्याचं पाणी जमिनीत मुरायचं. धुळ्याहून एक साहेब आला, हापशाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला. परत आला तो रंगाचा डबा घेऊन. म्हणे, पाण्यात शिसं आहे, आणि कोणी पिऊ नये अशी खूण म्हणून हापसा लाल रंगवून गेला. त्याचा रंग पहिल्याच उन्हाळ्यात उडाला. नानांचा मात्र टिकला.

मी चौथी नापास, पण पाणी मला कळतं. ते पाणी काचेसारखं नितळ आणि चवीला गोड. कालचा पोरगा मला पाणी शिकवणार? मी चावडीवर सांगितलं, आम्ही हेच पिणार. नाना उसळले, "सुपडूभाऊ, शिसं दिखत नही, त्याले वास नही! तुरटी फिरावा, उकाळा, ते जात नही!"

"मग तुमले कसं दिखनं?" मी विचारलं. चावडी हसली. नाना उठून घराकडे चालू लागले.

हापसा त्यांच्या दारात होता. ग्रामपंचायतीशी भांडून त्यांनीच तो तिथे बसवून घेतला होता, बायकोला, म्हणजे आमच्या जिजा वहिनीला, नदीवर जावं लागू नये म्हणून. नाना दिवसभर मळ्यात, तिथल्या विहिरीचं पाणी पीत. वहिनी हापशाचं. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, मग हातात लाटणं धरवेना. एका पावसाळ्यात ती गेली. बाटलीवाला साहेब आला तो त्यानंतर.

तेव्हापासून नाना खाट टाकून हापशापाशी बसत. कोणी कळशी घेऊन आलं की ओरडत, "ऊठ आठून! जहर शे!" आमच्या मंडळीला मात्र ते कधी ओरडले नाहीत. ती रोज सकाळी कळशी घेऊन तिकडे जायची आणि भरून आणायची. मी समजलो, मला घाबरतात.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. पहाटे सायकलला दोन कॅन बांधून खडखडत निघायचे. म्हाताऱ्याने दुधाचा धंदा काढला, असं मी धरून चाललो. म्हैस नसताना दूध कुठून, हे विचारायला गेलो नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची आपल्याला सवय नाही.

आणि मी गावभर छाती ठोकून सांगायचो, "दोन वरीस झाले, हापशानं पानी पी ऱ्हायनू. माले काय व्हयनं?"

मग एकदा नाना तापाने अंथरुणाला खिळले. दुपारी जेवायला बसलो तर तांब्या रिकामा.

"पाणी कुठे?"

"नही शे," मंडळी म्हणाली.

"समोर हापसा आहे की!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोळ्याला आम्ही नानांकडे पाहायचो. "तुमी हापशानं पानी पिधं कव्हय? नाना मळातून आनीसन मन्ही कळशीमा ओततस. म्हने, त्याले सांगू नको, तो हट्टी शे, पिवाव नही."

घास ताटात ठेवला. बाहेर येऊन नानांची सायकल काढली, कॅन बांधले. वाटेत दोघांनी विचारलं, "सुपडूभाऊ, कुठे?"

"दूध आणायला," मी म्हणालो.

मळ्यातून परत आलो, पहिला कॅन नानांच्या माठात ओतला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. आवाजाने हलले.

"सुपडूभाऊ... हापशावर कोनी पानी भराले ऊनं का रे?"

"मी बठस ना तठे," मी म्हणालो. "तुमी झोपा."