निजल्या डोंगराची आणि सरकारी खलाची हकीकत

श्री. भूमीचे पोटी जो अग्नी निजतो आणि ज्यास उठावयास कोणाची परवानगी लागत नाही, त्यास आधी नमन असो. शके अमुक, दुर्मुख नाम संवत्सरे, अश्विन मासी, एका समुद्रवेष्टित राज्यात शिळानवीस त्रिमलपंत भानजी यांचे पदरी काय पडणार होते ते प्रथम सांगतो: शिळानवीशी वंशपरंपरेने, पालखी एक, हिरवी शाल एक, आणि दरबारात दिवाणांचे उजवे अंगास बैठक. काम इतकेच, की काळ्या डोंगराचा खडक परखोन 'डोंगर मेला' ऐसा शिक्का करावा. कारण दिवाण चिंतो मल्हार यांणी पायथ्याशी नवे नगर वसविण्याचा मनसुबा केला होता, आणि चारशे घरांचे पाये शिक्क्याआधीच भरोन जाहले होते.

आता परीक्षा कैसी, तर भूमीचे कवच अखंड नव्हे, त्याचे मोठमोठे पट्ट आहेत. पट्टाचे मध्यात डोंगर उसळला तर पट्ट पुढे सरकतो आणि खालची अग्नीची चूल मागे राहते आणि डोंगर विझतो. त्याचे खडकात टँटलम नामे धातू पुरता भरतो. परंतु जेथे एक पट्ट दुसऱ्याखाली बुडतो तेथे चूल खालीच पेटती राहते, डोंगर निजतो पण मरत नाही, आणि तेथील खडकात टँटलम तुटीचा भरतो. सबब खडकाचे चूर्ण करोन धातू मोजिले की डोंगराचे कूळ कळते. चूर्ण करणार म्हाळसाबाई. वीस वर्षे अकीक दगडाचे खलात दगड वाटीत आली. परंतु राज्याची रीत ऐसी, की सरकारचा दगड सरकारी मुद्रेच्याच खलात वाटावा. आणि त्या साली दिवाणांनी कठीण धातूचा नवा खल मुद्रा कोरोन दिल्हा, आणि मग त्यात काळा खडक वाटला, आणि टँटलम पुरता भरला, आणि पंत संतोष पावले.

तिसरे दिवशी म्हाळसाबाई येऊन बोलली, "पंत, हा खल आपला धातू सोडतो."

"बाई, सरकारी खलावर आळ घेता?"

"आळ कसला? पांढरी गारगोटी वाटून पाहिली. गारगोटीत टँटलम नसतो, हे तुम्हीच शिकविलेत. आता भरला. तो काय तिने माहेराहून आणला?"

पंत हसले नाहीत. बाई म्हणाली, "आणि बेरियम चढा आहे, तो? ती तर बुडत्या पट्टाची खूण."

"तो पावसापाण्याने येतो-जातो. त्याचा भरवसा नाही."

"आणि खलाचा आहे होय? पंत, माझी लेक वेणू पोरांना घेऊन त्या नगरात बिऱ्हाड करणार. एकदा अकीकात वाटू द्या, मग खुशाल शिक्का करा."

पंतांस कळले. कळले नाही ऐसे नव्हे. इतक्यात दिवाणांचा जासूद आला, की शाल विणोन तयार आहे, शिक्का कोठे अडला? मग पंत म्हणाले, "बाई, रीत मोडणे माझे हाती नाही," आणि शिक्का केला, आणि शाल पांघरली, आणि नगर वसले, आणि वेणूने दारी तुळस लाविली.

पुढील साली माघ मासी, बाजाराचे दिवशी, भर दुपारी डोंगर उठला. घटका दोन घटकांत नगर राखेखाली गेले आणि वर तापला रस वाहोन निवाला. मग चौकशी बसली आणि हुकूम जाहला, की नवा खडक अकीकात वाटावा. हात स्वच्छ म्हणोन काम म्हाळसाबाईसच सांगितले. टँटलम तुटीचा भरला. मग सरकारातून निवाडा जाहला, की अपराध खलाचा.

एकूण घडले ते ऐसे: खल बडतर्फ करोन वितळविला. दिवाणांची बदली बंदरावर, तेथील वारा त्यांस मानवला. पंतांची शिळानवीशी वंशपरंपरेने कायम. शाल ते वैशाखातही अंगावरोन उतरवीत नाहीत. नगराची चारशे घरे गेली. म्हाळसाबाईची वेणू, जावई आणि दोन नातवंडे गेली. चौकशीचा खडक वेणूच्या जोत्यावरून फोडोन आणिला होता, आणि तो बाईने बारीक वाटोन दिल्हा.