शुभारंभाची कळ

"या तिसऱ्या मार्गाला आपण 'सगळे पुसून बसवा' म्हणणार?" आचार्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले.

संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेल्या या निवृत्त गृहस्थांना सगळे आचार्यच म्हणत. संगणकाची मूळ प्रणाली मराठीत आणणाऱ्या एका हौशी मंडळाने त्यांना शब्दांसाठी बोलावले होते. प्रणाली नव्याने बसवताना पडद्यावर तीन मार्ग येत: जुन्या प्रणालीशेजारी नवी बसवणे, संगणकातल्या जागेची वाटणी स्वतः करणे, अथवा असलेले सारे पुसून नवी बसवणे.

"सर, पण ते खरंच सगळं पुसतं हो," संयोजिका म्हणाली.

"म्हणून दारातच सांगायचे? आपण निरोप घेतानादेखील 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अशुभ शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही."

आचार्यांपुढे कोणाचेच चालले नाही. मार्गांचे नामकरण झाले: सहवास, स्वहस्त आणि शुभारंभ. शुभारंभाखाली सूचना आली, 'पूर्वसंचिताचे विसर्जन होईल. अनुमती आहे?' आणि दोन कळा, 'तथास्तु' व 'नेति'.

आठवड्याने चाचणीची प्रत घरी आली आणि आचार्यांनी ती आपल्या संगणकाला लावली. नावे पडद्यावर कशी दिसतात एवढेच आचार्यांना पाहायचे होते. सोबतीला राहायला आलेल्या थोरल्या बहिणीला त्यांनी हाक मारली.

"अक्का, जरा बस इथे. वाचून सांग, काय कळतं ते."

एवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. आचार्य धावले. काळेकुट्ट पातेले चिमट्यात धरून ते परतले, तेव्हा अक्का पदराने घाम पुसत होत्या.

"झालं बाई एकदाचं!"

"काय झालं?"

"शुभारंभ. सहवास कशाला दाबू? तुझा होतोय तेवढा पुरे आहे मला. मग त्याने खाली कसलासा मंत्र विचारला, मी तथास्तु म्हटलं. तथास्तु म्हणून कुणाचं वाईट झालंय का आजवर?"

आचार्यांच्या हातातले पातेले खाली पडले.

त्या संगणकात 'कुठे काय' नावाची यादी होती. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी रुग्णालयात जाताना "येते हं" म्हणाल्या आणि परतल्या नाहीत. मात्र जाण्याआधी, नवऱ्याला घरातले काहीच सापडत नाही हे जाणून, त्यांनी एकेक वस्तू टिपून ठेवली होती. 'कात्री: शिवणाच्या डब्यात. ओट्यावर नाही. ओट्यावर ठेवणारे तुम्ही.' 'छत्री: दारामागे. नसेल तर वाचनालयात, नेहमीप्रमाणे.' आचार्य गरज पडेल तेव्हाच एक नोंद वाचत. उरलेल्या तशाच झाकून ठेवत. सारे सापडले, तर तिचे बोलणे संपेल, असे त्यांना वाटे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने बराच वेळ खटाटोप केला. "काका, वरून नवीन लिहिलं गेलंय, काही राहिलं नाही. पण हे नाव कुणी ठेवलं हो? शुभारंभ! पुसताना निदान पुसतोय म्हणून सांगावं की माणसाला!"

"असेल कोणी मूर्ख पंडित," आचार्य म्हणाले.

"एवढा एक तुकडा निघाला बघा."

पडद्यावर अर्धी ओळ होती: 'या यंत्राचा मला भरवसा नाही. म्हणून सगळे वहीतही उतरवले आहे. वही ठेवली आहे'

पुढे काहीच नव्हते.

आचार्य त्या ओळीपुढे बसून राहिले. ते जेवायला उठले नाहीत, संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत. संयोजिकेला मात्र त्यांनी फोन केला. "शुभारंभ काढा. लिहा, 'सर्व पुसून टाका. पुसलेले परत येत नाही.'"

"सर, फारच कठोर होतंय."

"होऊ द्या."

तिसऱ्या सकाळी अक्कांनी ताट पुढे सरकवले. "ऊठ. आज सगळं घर पालथं घालू. वही काय पाय फुटून पळाली?"

आचार्यांनी पहिला घास घेतला. "सगळं नको, अक्का. रोज एकच कप्पा."

अक्कांनी भावाकडे पाहिले आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.

मग रोज जेवण उरकले की एक कप्पा उघडू लागला. हरवलेली लेखणी सापडली, जुना मफलर सापडला. प्रत्येक वस्तू सापडली की आचार्य तिची जागा बायकोच्या आवाजात स्वतःलाच सांगत आणि तिच्याच आवाजात स्वतःला रागवत. अक्का स्वयंपाकघरातून ऐकत आणि डोळ्यांना पदर लावत.

वही अक्कांना पहिल्याच दिवशी, आचार्य पहिला कप्पा उपसत असताना, सापडली होती. ती जुन्या चादरींच्या तळाशी होती, म्हणजे आचार्य ज्या ढिगाला आयुष्यात हात लावणार नाहीत अशा जागी. शोधायला उठणारा माणूस जेवतो, बोलतो, एवढे त्यांना दिसले. म्हणून रोज सकाळी भाऊ अंघोळीला गेला की त्या वही एक कप्पा पुढे सरकवत.

एकेचाळीस दिवसांनी घरातले कप्पे संपले. त्या सकाळी अक्कांनी वही शेवटच्या कप्प्यात अगदी वर ठेवली आणि दुधाकडे लक्ष देण्याचे निमित्त करून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

कप्पा उघडल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली.

"अक्का, सापडली गं! पण अक्षर लागत नाही. डोळे भरलेत का काय कोण जाणे. तू वाच."

अक्कांनी हात पुसले, वही घेतली आणि पहिल्या पानावरची ओळ वाचली.

'सापडली ना? आता कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्या.'