यमुताईंचं पन्हं आणि लाल लेबल

"आई, टेबलावरच्या बाटल्या कुठं गेल्या?" गार्गीनं विचारलं तेव्हा तिच्या सासूबाई यमुताई समाधानानं पदराला हात पुसत होत्या.

"पन्हं भरलं वं त्याच्यात. सकाळीच बिल्डिंगभर वाटून आली. कोऱ्या बाटल्या रिकाम्या काहून ठेवायच्या?"

गार्गी मटकन खाली बसली. दारूच्या बाटलीवरचा इशारा मोठा केला तर लोक वाचतात का, यावर तिनं आपली उमेदीची वर्षं घालवली होती. त्या तिच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या. काहींवर हल्लीचा, भिंगाशिवाय न दिसणारा इशारा. बाकीच्यांवर तिनं सुचवलेला लालभडक: 'दारूमुळे कर्करोग होतो'. सरकारी समितीचे अध्यक्ष चंपतराव त्या बघायला इतक्यात घरी येणार होते. त्यांनी मान डोलावली नाही तर प्रस्ताव फायलीतच मरणार होता.

"निदान लेबलं तरी काढायची."

"निघूनच नाही राहिली ना. आत पन्हं आहे, हे लोकांले समजत नाही का?"

तेवढ्यात चंपतराव आले. गार्गीनं पुढं केलेला जाडजूड अहवाल त्यांनी न उघडताच मांडीवर ठेवला. "मॅडम, राग नका मानू. पण लेबल वाचते कोण?" दाखवायला एकही बाटली नसल्यानं गार्गीनं अहवालाकडंच बोट दाखवलं.

पुन्हा बेल वाजली. दारात शेजारची शामला पिशवी घेऊन उभी. "यमुताई, सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून आणल्या. ह्या लालवाल्यांले कोणी हातच नाही लावला."

"पन्हं आहे वं ते!"

"माहीत आहे ना. पण ते वाचलं का घोट घशाखाली उतरत नाही."

लाल लेबलाच्या बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. बाकीच्या थेंब न ठेवता रिकाम्या.

"आणि ह्यांच्यावरचा इशारा?" चंपतरावांनी विचारलं.

"ह्यांच्यावरही काही लिहिलं होतं का?" शामलानं बाटली डोळ्यांजवळ नेली.

चंपतरावांनी एक भरलेली आणि एक रिकामी बाटली शेजारी शेजारी ठेवली. "मॅडम, आपली शिफारस पक्की."

"पण साहेब, ह्याला अभ्यास नाही म्हणत. अभ्यास त्या अहवालात आहे."

"वाचतो ना. आता वाचतो."

गार्गीला सासूबाईंना कडकडून मिठी मारावीशी वाटली. यमुताईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांचं पन्हं आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी लाल लेबलाची बाटली उघडली, पेला भरला आणि दोन्ही चंपतरावांसमोर ठेवली.

"तुम्ही तरी घ्या, भाऊ."

चंपतरावांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"घेतो ना, ताई. फक्त ती बाटली जरा तिकडं फिरवा."